ऑपरेशनआधीच्या दोन ओळी

३ फेब्रुवारी

ती. दादा,
सा. न. वि. वि.

उजवा कान कधीच गेला, आता गाठीच्या ऑपरेशनमध्ये डावाही जाणार, हे वहिनीने कळवलं. तू कळवलं असतंस तर काय बिघडलं असतं? त्याच दिवशी ठरवलं, तू रचलेली ती संथ धून त्याआधी तुला व्हायोलिनवर ऐकवायची. ठरवायला काय जातं! पहाटेपासून बेकरीत पीठ मळून मनगटं कामातून जातात. घरी येऊन गज धरला की डोळेच मिटतात. धून चार ओळींची, मला धड एकही येत नाही. थकले रे. सोडून देऊ का?

रागव हवं तेवढं, माया मात्र आटवू नकोस.
तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटे,
अ. उ. आ.

जन्मभर व्हायोलिन शिकवलं, पण तुझ्याइतकी हावरट विद्यार्थिनी पाहिली नाही. चार ओळी एकदम गिळायला निघालीस! या आठवड्यात फक्त पहिले चार सूर, स्वच्छ लागेपर्यंत. अगदीच जीव नसेल तर व्हायोलिन नुसतं पुसून ठेव, पण पेटीबाहेर काढ. मीही हल्ली दुपारभर पडून असतो. कळवलं नाही, कारण भीती वाटते. बाकी काही नाही.

जेवणाची हयगय नको, आणि म्हाताऱ्यावर रुसू नकोस.
दादा

२ मार्च

ती. दादा,
सा. न. वि. वि.

पहिली ओळ आली, दुसरी लंगडतेय. तेवढ्यात ऑपरेशन अलीकडे आल्याचं कळलं. उरलेल्या दोन ओळी आता कुठल्या व्हायला? अर्धवट घेऊन यायची लाज वाटते. पण रविवारी येते म्हणून वहिनीला सांगून बसलेय, म्हणजे पळायची वाट बंद.

जमेल तेवढं गोड मानून घे.
धाकटी

१९ मार्च

चि. धाकटे,
अ. उ. आ.

ऑपरेशन नीट झालं, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं. ऐकू काहीच येत नाही. भांडणात आता तुझ्या वहिनीचीच सरशी.

धून अर्धी राहिली म्हणून त्या रविवारी तू जाताना रडलीस. दुसऱ्या ओळीत अडलीस, जीभ चावलीस आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. अडलं तरी मागे फिरायचं नाही, हे सगळ्या विद्यार्थ्यांच्या गळी उतरवलं, तुझ्या मात्र नाही. इथे आता फार शांत असतं गं. त्यात तू सारखी अडतेस आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतेस. कानांनी शेवटचं ऐकलं ते हे. मला दुसरं काही नको होतं.

तिसरी ओळ घे. समोर बसून वाजव, बोटं बघून चुका काढीन.

लोभ आहेच, तो घेऊन लवकर ये.
दादा