मल्लूच्या खोलीची कडी

गुरुवार, संध्याकाळ

आज मल्लूच्या खोलीला आतली कडी परत बसवायला गेलो. चारही स्क्रू शर्टाच्या खिशात होते. चार महिन्यांपूर्वी पोरगा कडी लावून नशेच्या गोळ्या खातो हे कळलं, तेव्हा रागाच्या भरात मीच ती काढली होती. पण राग नुसता त्याचाच होता का? पोरगा चिंचोळी एमआयडीसीत डबल ड्युटी करतो म्हणून पाहुण्यारावळ्यांत मिरवलो मीच. सलग दोन पाळ्या हा जागा कसा राहतो, हे एकदाही विचारलं नाही. बरोबरच्या कुणीतरी झोप उडवायला गोळी दिली. पुढं तिच्याशिवाय त्याला उभं राहता येईना. नोकरी गेली, हात थरथरायला लागले.

व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन त्याला महिना झालाय. काल चहाचा कप न सांडता तोंडाला लावला. म्हणून वाटलं, आता पोराला त्याचं दार परत द्यावं.

कडी धरली, तर मागून म्हणाला, "अप्पा, एवढ्यात नका बसवू की. गोळीची लई आठवण येती अजून. दार उघडं असलं की बरं पडतंय."

डोळ्यांत बघून खोटं बोलणारा हाच पोरगा. आज न विचारता खरं बोलला.

स्क्रू त्याच्याच हातावर ठेवले. म्हटलं, तुला वाटेल तेव्हा तूच बसव.

भिंतीतल्या देवळीत विभूतीच्या डबीशेजारी त्यानं ते एकेक करून ठेवले. हात थोडा थरथरला. पण एकही स्क्रू खाली पडला नाही.