न ऐकता दिलेले होकार

मी, भैयाजी वल्द चिंधू, धंदा लोहारकाम, वय साठीपुढे, मुक्काम आरमोरी, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, स्वखुशीने हे मृत्युपत्र अर्जनवीसांकडून लिहवून ठेवतो ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे. कान नाहीत. सारा जन्म ऐरणीपाशी गेल्याने ते फार पूर्वीच गेले; एका कानाला जवळून किंवा मोठ्याने बोललेले तेवढे ऐकू येते. पण हे मी आजवर कोणाला कळू दिले नाही. समोरच्याचे ओठ थांबले की मी मान हलवून "हो" म्हणत असे. माझी दिवंगत पत्नी सुगंधाबाई म्हणायची, "आयकू येत नाई तं परत इचारत काऊन नाई?" मी म्हणायचो, तूच पुटपुटतेस. मग ती ओरडून बोलू लागली, आणि मी गावभर सांगत फिरलो की बायको तापट आहे.

कलम पहिले. शेजारी लच्छू याच्याशी मी बरीच वर्षे बोलत नाही. त्याने माझ्या खिडकीला लागून म्हशींचा गोठा बांधला. बांधण्याआधी तो विचारायला आला होता आणि मी मान डोलावून त्याला पानही दिले होते, असे सुगंधाबाईकडून नंतर कळले. भांडण तेव्हाच मिटले असते, पण त्यासाठी बहिरेपण सांगावे लागले असते. म्हणून मी वास सोसला. तो राग आजपासून रद्द समजावा.

कलम दुसरे. माझ्या पेटीत एक जरीचे लुगडे निघेल. ते पत्नीचे नाही, मी नेसलेले आहे. गावात दंडारीचे नाटक करणारी मंडळी एकदा घरी आली. मला वाटले, खेळासाठी कंदील मागतात. मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी न्हावी मिशा काढायला आला, तेव्हा उमगले की मी राणीचे काम पत्करले आहे. खेळात राजा काय बोलतो ते ऐकू येईना, म्हणून मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. त्यामुळे अडवायचे सोडून राणीच्याच संमतीने राजपुत्र वनवासात गेला आणि पुढची गोष्ट मंडळींना जागेवरच नवी रचावी लागली. लुगडे त्यांना परत करावे.

कलम तिसरे. मुलगा नानाजी, हल्ली मुक्काम बल्लारपूर, यास तळ्याखालची धानाची बांधी आणि बैलजोडी द्यावी. घर त्याला दिलेले नाही. त्याने रागावण्यापूर्वी पुढचे वाचावे.

कलम चौथे. राहते घर, भट्टी, भाता, ऐरण आणि सर्व हत्यारे मुलगी वच्छला हिला देतो. त्याचे कारण असे. तिचा नवरा दारू पिऊन मारत असे. दोन वेळा ती पळून आली आणि दोन्ही वेळा मीच समजूत घालून तिला परत सोडून आलो. तिसऱ्या वेळी मी तिला पोळ्यासाठी आणायला गेलो. येताना गाडी दगडांवरून खडखडत होती. वच्छला मागे बसून काही बोलली. मला वाटले, पाण्याला थांबायचे का म्हणते. मी मान हलवली.

पोळा झाल्यावर सासरची माणसे न्यायला आली. अंगणात जातीचे पंच बसले. वच्छला मोठ्याने म्हणाली, बाबांनीच राहा म्हटले, मी गाडीत विचारले होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. ऐकले नव्हते म्हणावे तर बहिरा ठरतो. मी उठलो आणि म्हणालो, "हो, मीच म्हटलं. पोरगी आता इथीच राहीन."

त्यानंतर पुष्कळ दिवस जातीतल्या कोणाच्या पंगतीला आम्हाला बोलावणे आले नाही. नानाजीही बोलेनासा झाला. मी मात्र बापाचा निर्णय म्हणून छाती काढून मिरवलो. वच्छला भाता ओढू लागली, मग घण मारू लागली, आणि आज बाजारात लोक तिच्या हातचा विळा मागतात. पण खरे लिहायचे तर, त्या दिवशी मला ऐकू आले असते तर मी तिला तिसऱ्यांदाही पोचवून आलो असतो.

कलम पाचवे, मागाहून वाढवलेले. वरील मजकूर अर्जनवीसांनी मोठ्या आवाजात वाचून दाखवला. वच्छला चुलीपाशी होती. ती उठून माझ्या चांगल्या कानाशी येऊन बसली आणि म्हणाली, "गाडी चालू असतानीच इचारलं मी, बाबा. थांबवून इचारलं असतं तं तुमाले आयकू आलं असतं."

अर्जनवीस लेखणी धरून थांबले. हे लिहू का, असे त्यांनी खुणेने विचारले. मी लिहा म्हटले. सबब चौथ्या कलमात "देतो" असे जे लिहिले आहे, ते चूक आहे. घर तिने त्याच दिवशी गाडीतच घेतले. मी फक्त कागद करून ठेवत आहे.

हे सर्व समजून, आणि या वेळी पुन्हा पुन्हा विचारून घेऊन, खाली अंगठा केला आहे.

निशाणी डावा अंगठा: भैयाजी वल्द चिंधू
साक्षीदार: वारलू वल्द डोमा, निशाणी अंगठा
साक्षीदार: बिरजू वल्द पोचू, सही
मुक्काम आरमोरी, ११ मार्च १९५८