एक किलोला वीस ग्रॅम कमी

मी, अण्णासो मल्लाप्पा हत्तरगी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार यादवनगर, कोल्हापूर, आधी लेथवर टर्नर आणि नंतर तीस वर्षं नेमबाजी क्लबचा पिस्तूल-कारागीर, हे मृत्युपत्र स्वखुशीनं लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टर उदयसिंह निंबाळकर यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत आलो आणि पुढं उणे पाचही सांगितले. त्यांनी तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. पत्नी गंगव्वा शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकते आहे, पण कायदा त्याला दबाव म्हणत नाही.

१. राहतं घर माझ्यामागं गंगव्वाच्या पूर्ण मालकीचं. तिच्यामागं मुलगा सोमशेखर याचं. तो पुण्यात असतो आणि दर दिवाळीला "आण्णा, हे विकून फ्लॅट घेऊया" म्हणतो. आईपुढं त्यानं हा विषय काढू नये. मी ऐकून घेतो, ती घेणार नाही.

२. बँकेतल्या ठेवी गंगव्वाच्या. त्या कुठं आहेत हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

३. लहान लेथ, सगळ्या कानशी आणि शिसवी लाकडाच्या तुकड्यांची पेटी क्लबला द्यावी. जो कुणी हे काम शिकेल त्यानं एवढं ध्यानात ठेवावं. पहिली गोळी कुणीही नीट मारतो. दहा सेकंदांत पाच मारायच्या असतील, तर पिस्तूल दुसऱ्या गोळीसाठी जुळवावं लागतं. गोळी सुटली की नळी वर उठते. ती नेमबाजाला जोर लावून खाली आणावी लागली तर वेळ गेला म्हणून समजा. मूठ अशी घासायची की धक्का सरळ मागं हातात जावा आणि नळी आपली आपण होती तिथं यावी. स्प्रिंग गोळीच्या जोरावर निवडावी, खोक्यावरचं चित्र बघून नाही. मुठीला चकाकी यावी म्हणून वॉर्निश मारणाऱ्याच्या हाती माझी एकही कानस देऊ नये.

४. क्लबचे सचिव पृथ्वीराज यांनी माझा ॲलन की पान्यांचा संच १९९८ साली "दोन दिवसांसाठी" नेला. त्याची रिकामी डबी मी जपून ठेवली आहे. ती त्यांना द्यावी, म्हणजे संच पूर्ण होईल.

५. आता मुख्य कलम. यासाठीच हा कागद लिहायला घेतला, घराचं निमित्त होतं.

गडहिंग्लजची सौंदर्या ही माझ्या हाताखाली घडलेली सर्वांत चांगली नेमबाज. तिचं पिस्तूल मी दोन महिने जुळवलं. स्पर्धेत शेवटची फैर झाली की पंच पिस्तूल उभं धरून ट्रिगरवर एक किलोचं वजन टांगतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. सुटला तर नेमबाज बाद. ट्रिगर हलका तेवढी पुढची गोळी लवकर जाते, म्हणून प्रत्येक कारागीर किलोच्या अगदी कडेला येऊन थांबतो. माझं नाव झालं ते त्या कडेवर थांबण्यासाठीच.

२०१४ च्या राज्य स्पर्धेत सौंदर्या पहिली होती. तपासणीत ट्रिगर सुटला. पृथ्वीराज रेंजवर सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीनं स्क्रू ढिला केलाय की. चोरी हाय ही सरळ." तिनं वर पाहिलं नाही. महिन्याभरात तिनं नेमबाजी सोडली आणि पिस्तूल विकायला काढलं. परवानगी काढून ते मीच घेतलं. लोकांना वाटलं, गुरूचा जीव तुटला. जीव घाबरला होता.

कारण ट्रिगर जुळवायला मी घरी वापरत होतो ते किलोचं वजन माझ्या वडिलांचं. त्यांचं पेठ वडगावात किराणा दुकान होतं. स्पर्धेहून आल्यावर शंका आली म्हणून मी ते वजन कारखान्यातल्या काट्यावर ठेवलं. वीस ग्रॅम कमी भरलं, म्हणजे त्यावर जुळवलेला ट्रिगर पंचांच्या खऱ्या किलोला सुटणारच होता. उलटं करून खरवडलं, तर तळातलं शिसं काढून वडिलांनी भोकात लाख भरली होती, वर काजळी फासून. सफाई इतकी की बापाचा राग यायच्या आधी त्याच्या हाताचं कौतुक वाटलं. गावानं ज्यांना देवमाणूस म्हणून खांदा दिला, त्यांचं नाव घालवायचं नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि गप्प राहिलो. खरं तर माझं स्वतःचं नाव मला जास्त प्यारं होतं. मुलीचं गेलं ते गेलं.

या कलमाचा पहिला मसुदा असा होता: माझ्या मृत्यूनंतर हे सर्वांसमोर वाचावं आणि सौंदर्याची माफी मागावी. गंगव्वा आतून म्हणाली, "मेल्यावर माफी मागताय व्हय? मग ती भांडंल कुणाशी, तुमच्या फोटोशी?"

दुसऱ्या दिवशी मी वजन पिशवीत घालून एसटीनं गडहिंग्लजला गेलो. सौंदर्या आता दूध-तुपाचं दुकान चालवते. मी सांगितलं. तिनं वजन आपल्या काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, उचललं, पुन्हा ठेवलं.

"सर, मला वाटायचं माझ्याच हातनं स्क्रू फिरला असंल," ती म्हणाली. "रोज वाटायचं. आई तर देवाला बोलून बसली होती, पोरीला परत खोटं सुचू देऊ नको म्हणून."

मी माफी मागितली. ती गिऱ्हाइकाला तूप देत राहिली. चहा विचारला नाही. तिचं बरोबरच होतं. मला रडू आलं आणि तेही तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

वजन तिनं ठेवून घेतलं आहे. माझ्या वारसांनी ते मागू नये.

६. त्यामुळं बदल असा. पिस्तूल या मृत्युपत्रातून वगळलं आहे. ते माझ्या हयातीतच सौंदर्याच्या नावे व्हावं म्हणून रीतसर अर्ज दिला आहे. पाचव्या कलमाची प्रत येत्या रविवारी क्लबच्या फलकावर लागेल आणि पृथ्वीराज ती वाचून दाखवतील. त्यांना सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलायची सवय आहे. मी पहिल्या रांगेत बसेन.

७. या कागदान्वये सौंदर्याला काहीही मिळत नाही, त्यामुळं ती साक्षीदार होऊ शकते. मी तिला फोन केला. ती हो म्हणाली नाही. पण आज सकाळी आली, आणि सही करण्याआधी सगळा कागद दोनदा वाचला.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करून पुरं केलं.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५

(सही) अण्णासो मल्लाप्पा हत्तरगी

साक्षीदार:

१. (सही) डॉ. उदयसिंह निंबाळकर, कोल्हापूर

२. (सही) सौंदर्या शिवानंद मगदूम, गडहिंग्लज. वाचलं. खरं आहे. अकरा वर्षं उशीर झाला, तेवढं लिहायचं राहिलं होतं, ते मी लिहिलं.