पलंग निघाला, पोचतोच आहे

३ मार्च, दुपार

औषधवाल्याने ही डायरी फुकट दिली होती. आजवर कोरीच राहिली, कारण तुमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं घडतंय काय, असं खालची म्हणाली. खालची म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची. तिला नाव आहे, पण मी घेत नाही.

तर आज घडलं. सामान हलवणारी कंपनी मी ठरवली. मी स्वतः, एकटीने, फोनवरून!

घरमालकाला जागा परत हवी झालीय, म्हणून मी आता कायमची मुलाकडे. लांबचं गाव, रेल्वेने सुद्धा दोन वेळचं जेवण बांधून न्यावं लागतं. मुलगा म्हणाला, आई, कंपनीचं मी बघतो, तू नुसती बसून राहा. म्हटलं, बसून राहायला मी काय अंडी उबवतेय? जिन्यात भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता, त्यावरचा नंबर फिरवला.

काय गोड पोरगा! मी आजी आहे हे सांगायच्या आधीच आजी म्हणाला. त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. त्याला सगळं सांगितलं, मुलाच्या गावाचं नावसुद्धा. मोठा पलंग न्यायचाय, तो माझ्या नातीच्या खोलीत लागणार, मग छकुली माझ्या कुशीत झोपणार, लहानपणी झोपायची तशी. पाय फार मारते, पण पलंग ऐसपैस आहे. तो हो आजी, हो आजी करत होता. पोटचा मुलगा एवढं ऐकत नाही. उचलायला कुठून यायचं म्हणाला, तर म्हटलं औषधाच्या दुकानापाशी येऊन फोन कर, मी गॅलरीत उभी राहते. मग म्हणाला, आता सामान पोचवायचं त्या घरचा पत्ता सांगा. एका दमात सांगितला, पिनकोडसकट! दूध उतू गेलं, पातेलं करपलं, पण मी अडखळले नाही.

निश्चय: मुलाला यातलं काही विचारायचं नाही. तोंडात बोट घालायला लावायचं त्याला.

७ मार्च

सकाळी येणार होते, दिवेलागणीला आले. कामाची माणसं, उशीर व्हायचाच. खोकी आणली नव्हती. मिशीवाला म्हणाला, आजी, जुन्या साड्या असतील तर द्या, गुंडाळायला. बरंच झालं की. खोक्यापेक्षा साडीत भांडी सुखात राहतात.

पलंगाने मात्र घाम काढला. हा पलंग ह्यांनी सुतार घरी बसवून खोलीतच करवून घेतला होता. झाल्यावर लक्षात आलं, दारातून जात नाही. हे म्हणाले, जाऊन जाणार कुठे? आता हे गेले, पलंग मागे राहिला. मिशीवाल्याने तो सुटा केला. बोल्ट मात्र मी त्याच्या हाती दिले नाहीत. पुरचुंडी बांधून माझ्या पिशवीत टाकले. हरवले असते म्हणजे? अक्कल लागते.

खालची जिन्यात उभी राहून बघत होती. पावती घेतली का, म्हणे. म्हटलं, मला माणसं ओळखता येतात. तर म्हणते, एवढं धूड कशाला वाहून नेताय, ठेवा इथेच, मी झोपत जाईन. त्या पलंगावर तिचा डोळा आहे, आजचा नाही. मी ट्रकला हात केला आणि तिच्याकडे न बघता वर आले. वर बसायला काही उरलं नव्हतं.

१० मार्च

पोचले. सातवा मजला. लिफ्टमध्ये पोटात गोळा येतो, पण तो आनंदाचा.

छकुली माझ्यापेक्षा उंच झालीय. मी येणार म्हणून तिचं अभ्यासाचं टेबल हॉलमध्ये काढलंय. हे किती दिवस, असं विचारत होती. उत्सुकता! म्हटलं, दोन दिवसांत आपला पलंग येतोच. ती म्हणाली, आजी, मला छकुली म्हणू नकोस ना प्लीज. लाजते अजून.

तोवर मी हॉलमध्ये सोफ्यावर.

१३ मार्च

गोडबोल्याचा फोन. म्हणजे मीच केला. ट्रकचा टायर फुटला. म्हटलं, बाळा, जपून रे, सामान काय कुठे पळून जात नाही.

१५ मार्च

टायर बदलला. आता ड्रायव्हरचं पोट बिघडलंय. ओवा चावून खायला सांगितला. गोडबोल्या म्हणाला, सांगतो. माझं ऐकणारं कोणीतरी आहे या जगात.

१८ मार्च

फोन बिझी. बिझी. स्विच ऑफ. जेवत असेल बिचारा.

१९ मार्च

अजून जेवतोय.

२१ मार्च

सून म्हणाली, आई, सोफ्यावर पाठ अवघडत असेल. म्हटलं, छे! रात्रभर अवघडलेली होते, पण सांगून तिला कशाला वाईट वाटायला लावू? छकुलीची परीक्षा जवळ आलीय. ती संध्याकाळी सोफ्याशेजारी टेबलावर बसते आणि कानात ते गाण्यांचं बोंडूक घालते. मी गोष्ट सांगते. मान हलवते. मध्येच गोष्ट थांबवून बघितली, तरी मान हलतच होती. एकाग्रता आहे पोरीत.

२२ मार्च

मुलाने नंबर मागितला. नाही दिला. म्हटलं, हा माझा आणि त्या पोराचा व्यवहार आहे. तर म्हणतो, आई, पत्ता तरी नीट दिलास ना? म्हटलं, चार यत्ता शिकले म्हणून काय झालं, पत्ता तोंडपाठ आहे मला. म्हणाला, म्हणून दाखव बरं. मी काय शाळेत आहे? रुसून दुसरीकडे जाऊन बसणार होते, पण दुसरीकडे जागा नाही. तिथेच तोंड फिरवून बसले.

२५ मार्च

आला! आला! आला! गोडबोल्या स्वतः म्हणाला, आजी, तुमचा माल मुलाच्या गावच्या गोडाऊनला उतरला. गोडाऊन इथून हाकेच्या अंतरावरच असणार, फार तर बसने दोन स्टॉप. उद्या डिलिव्हरी.

सगळ्यांना कामाला लावलं. छकुलीची खाट उभी करून गॅलरीत नेली. खोली झाडली. पलंगावर घालायला सुनेकडून नवी चादर काढून घेतली. छकुलीने आज जमिनीवर गादी घातलीय. सवय हवी माणसाला.

मुलाला म्हटलं, बघितलंस? तो बघत होता.

२६ मार्च

उद्या म्हणजे उद्याच असं नसतं. कंपनीचा उद्या वेगळा.

२७ मार्च

सिस्टीम डाऊन. हे काय असतं ते छकुलीला विचारलं. ती म्हणाली, खोटं असतं. आजकालच्या मुलांचा कशावर विश्वास नाही.

३० मार्च

स्वतः जाऊन गोडाऊन बघून यावं असं ठरवलं. बसचा नंबर विचारायला मुलाकडे गेले, त्याने गोडाऊनचं नाव विचारलं. नाव कोण विचारतं? गोडाऊन म्हणजे गोडाऊन. बेत रद्द. शिवाय मी बाहेर आणि ट्रक दारात, असं झालं तर?

३१ मार्च

छकुलीने खाट परत खोलीत नेली. टेबलही नेलं. एकटीने ओढत. मदत करायला गेले, तर म्हणाली, आजी, राहू दे. माझा पेपर आहे, मला झोप हवी, टेबल हवं, दार बंद हवं. म्हटलं, हो हो, पलंग येईपर्यंत तात्पुरतं. ती म्हणाली, आजी, पलंग मावणार नाही इथे. कधीच मावणार नव्हता. बाबांनी टेपने मोजला होता, तुला सांगितलं नाही.

लहान आहे. मापातलं काय कळतं तिला.

नवी चादर घडी घालून उशाशी घेतली.

३ एप्रिल

सकाळी फोन वाजला. गोडबोल्या! आवाजात साखर. आजी, अभिनंदन, डिलिव्हरी झाली, सगळा माल सुखरूप.

मी गॅलरीत धावले. खाली बघितलं. ट्रक नाही. लिफ्टने खाली गेले, वॉचमनला विचारलं, आमचा पलंग बघितलास का रे? तो म्हणाला, आजी, तुम्ही चपला विसरलात.

वर आले तोवर खालचीचा फोन. इतक्या वर्षांत तिने मला कधी फोन केला नव्हता, जिन्यातूनच ओरडायची. म्हणाली, अहो, तुमचं बाड-बिस्तर परत आलंय. घरमालक दार उघडत नाही, म्हणतो आता तुमचा काय संबंध? शेवटी माझ्या हॉलमध्ये घेतलंय सगळं. सही मी केली.

मुलाने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि गोडबोल्याला लावला. तो त्याच्याशीही गोडच बोलला. त्याने मी सांगितलेला पत्ता वाचून दाखवला. माझ्याच घराचा. बिल्डिंग, जिना, औषधाच्या दुकानासमोर, पिनकोडसकट. गावाचं नाव मी तोंडी सांगितलं होतं, म्हणून माल इथल्या गोडाऊनला येऊन पडला होता. मग तिथल्या कोणाच्या तरी लक्षात आलं की हा पत्ता तर इथला नाहीच, चुकून इकडे आला दिसतो. म्हणून परत पाठवला. वर सॉरी म्हणाला.

मुलगा रागावला नाही. रागावला असता तर मला दोन शब्द बोलता आले असते. सुनेने चहा केला. मी म्हटलं, साखर कमी आहे. कमी नव्हती.

४ एप्रिल

खालचीचा पुन्हा फोन. पलंग जोडून बघतेय, पण बोल्ट नाहीत. हसू आवरेना! पुरचुंडी माझ्या पिशवीत. म्हटलं, झोपा आता फळ्यांवर! ती पण हसली. म्हणाली, अहो, तुम्ही नसल्यावर वर पाऊल वाजत नाही, झोपच लागत नाही. पैसे जातात फोनला, म्हणाली, आणि ठेवला.

५ एप्रिल

मुलगा म्हणाला, आई, परत मागवून ठेवणार कुठे? देऊन टाक तिला. म्हटलं, विचार करते. दिवसभर विचार केला. छकुलीचं दार बंद होतं. पेपर आहे.

६ एप्रिल

मुलाने हट्टच धरला की इथला पत्ता पाठ कर, कधी बाहेर चुकलीस तर? शिकवत होता, एकेक शब्द. मी सातवा मजला म्हणायची आणि पुढे औषधाच्या दुकानासमोर यायचं. इथे औषधाचं दुकान नाही. तो म्हणाला, राहू दे, उद्या करू.

दुपारी कुरिअरवाला आला. बोल्टांची पुरचुंडी त्याच्या हातात दिली. त्याने खालचीचा पत्ता विचारला. मजला तेवढा एक खालचा, बाकी सगळं माझंच. एका दमात सांगितला, पिनकोडसकट.