आंदणाचा बुद्धिबळपट

मी, एतेरी ग्वेनेतादझे, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, बुद्धिबळ शिकवण्याच्या कामातून निवृत्त, राहणार कुतायसी, रिओनी नदीवरच्या पांढऱ्या पुलाजवळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे नोटरीबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस लागते.

कलम एक. राहते घर, सज्जा आणि सज्ज्यावर चढलेला द्राक्षाचा वेल माझी भाची तेओना हिला मिळावा. वेल छाटायला जेमालला बोलावू नये.

कलम दोन. जेमाल हा माझा चुलतभाऊ. तेओनाच्या आईच्या लग्नात त्याने माझ्या आंदणातला बुद्धिबळाचा पट उपडा घातला, त्यावर नर्दी या सोंगट्यांच्या खेळाचे फासे टाकले आणि भर मांडवात ओरडला, "एतेरी, खूश हो! तुझ्या आंदणाला एकदाचा पुरुषाचा हात लागला!" सगळे हसले. मीही हसले आणि आत जाऊन अक्रोड फोडत बसले. त्याला अंगणात पुरलेला वाइनचा मोठा रांजण द्यावा. खणून काढायची मेहनत त्याची त्याने करावी.

कलम तीन. बँकेतील शिल्लक आमच्या बुद्धिबळ मंडळाला द्यावी आणि तिच्यातून चांगली शेगडी घ्यावी. बोटे गारठली की मुली घाईने चाली करतात. माझी सर्व पुस्तकेही मंडळालाच. मात्र काळ्या मोहऱ्यांनी सुरुवात कशी करावी याचे पुस्तक कोणत्याही मुलीच्या हाती देण्याआधी तिला एवढेच विचारावे, की घरी भांडण झाले की तू काय करतेस? मी आयुष्यभर हेच विचारत आले. तेओनालाही विचारले होते.

"आधी ओरडते, मग रडते, मग जेवते," ती म्हणाली.

"मग तू सिसिलियन बचाव घे. पहिल्या चालीपासून भांडण. जेवायला वेळ मिळेलच असं नाही."

"आणि शेजारच्या लामारा मावशी? त्या तर भांडतच नाहीत."

"ती माफी मागते आणि जागची हलत नाही. तिला कारो-कान."

"आणि तू गं?"

मी फ्रेंच बचाव खेळते. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, की काळ्याने आपले एकच घर सरकवायचे आणि आत बसायचे. भिंत पक्की होते. पण आपलाच एक उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकतो, आणि कधीकधी डाव संपला तरी बाहेर पडत नाही. भांडणात जी गप्प बसते आणि समोरच्याला आपोआप कळावे असे जिला वाटते, तिला हा बचाव शोभतो. माझ्या अंगाला तो अगदी बेतून शिवल्यासारखा बसला.

रेवाझ कोपालेइशविली हा माझा मंडळातला जोडीदार. तो नेहमी पांढरी मोहरी घ्यायचा. तो तेवीस वर्षांचा होता तेव्हा एकदा पटावरून मान वर करून म्हणाला, "काय गं हा तुझा बचाव! दारं-खिडक्या लावून आत बसतेस. माणसानं यायचं कुठून?"

"ठोठावलं तर उघडेन की," मी म्हणाले.

"आणि ठोठावून ठोठावून दमलो तर?"

"पाणी पी आणि परत ठोठाव."

तो हसला आणि त्याने घोडा पुढे काढला. पुढच्या वसंतात त्याने त्सियालाशी लग्न केले. बाई फार चांगली होती, तिच्या हातची मक्याची भाकरी मी पुष्कळ खाल्ली आहे. आता तीही नाही. तो दर रविवारी माझ्याकडे खेळायला येतो, टोपी खुंटीला लावतो, पांढरी मोहरी मांडतो. सहा वाजता टोपी घेतो. मग मी उरलेला चहा तिथेच बसून पिते. सोमवारपासून मला रविवारची आस लागते, आणि हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

कलम चार. आमच्याकडे मुलीच्या आंदणात बुद्धिबळाचा पट देतात. माझ्या आईने माझ्यासाठी अक्रोडाच्या लाकडाचा करवून घेतला. तो सासरी जायचा होता, तो याच घरात राहिला. माझ्या पश्चात तो तेओनाला द्यावा. मरणाआधी मी स्वतःच तो काखोटीला मारून कुणाकडे नांदायला गेले, तर हे कलम रद्द समजावे. नोटरीबाई म्हणाल्या, "बाई, हे काढून टाकू या का?" मी म्हणाले, "राहू द्या."

कलम पाच. रेवाझला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. घड्याळ, पट, निदान टोपीची खुंटी तरी द्यावी असे फार मनात होते. पण ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असा कायदा आहे. मी विचार केला. तो वस्तू घेऊन माझ्या पश्चात बसण्यापेक्षा मी असताना माझ्या टेबलाशी बसून माझ्या नावाखाली आपले नाव लिहील, हे मला जास्त हवे आहे. पहिली चाल पांढऱ्याने करायची असते, म्हणून मी एवढी वर्षे थांबले. आता थांबवत नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतःला मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो मला मान्य आहे.

सही: एतेरी ग्वेनेतादझे
स्थळ: कुतायसी. दिनांक: १४ ऑक्टोबर २०१२, रविवार.

साक्षीदार पहिला: लामारा चखाइदझे, शेजारीण. माझ्यासमक्ष सही झाली. उशीर झाल्याबद्दल माफ करा, पण माझी खुर्ची मी सोडणार नाही.

साक्षीदार दुसरा: रेवाझ कोपालेइशविली. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते म्हणतात. मी दोनदा वाचला. कलम चार रद्द समजावं. एतेरी, पट घेऊन चल. काळी मोहरी आता मी घेतो.