पहिल्याच वर्षी हाउसफुल्ल

१ जुलै, सकाळ.
परतूरच्या विद्यापीठ उपकेंद्रात आंतरविद्याशाखीय माहितीशास्त्र विभाग सुरू. विभागप्रमुख मी. शिक्षकही सध्या मीच. ग्रंथालय, कॉम्प्युटर, पत्रकारिता, शेती, सगळं एकाच एम.ए.मध्ये. अट एवढीच, पंधरा तारखेपर्यंत बारा प्रवेश, नाहीतर विभाग बंद. बारा म्हणजे किरकोळ. निश्चय: चहा बंद.

४ जुलै.
प्रवेश शून्य. सहज मिळतं त्याची लोकांना किंमत नसते. म्हणून दारावर बोर्ड लावला: ‘जागा फुल्ल. प्रतीक्षा यादी सुरू.’ आता रांग लागेल. दोन चहा घेतले, पण आनंदाचे.

८ जुलै.
बोर्डाचा परिणाम उत्तम. मुलं थांबून वाचतात. आत येत नाहीत, तो संकोच. शिपाई रामकिसन म्हणाला, “सर, पोरं बोर्ड वाचून वापस जाऊन राह्यले.” त्याला मार्केटिंग कुठे समजावत बसू?

११ जुलै, दुपार.
प्रवेश दोन! दोघं बायकोचे, श्रद्धाचे भाचे. त्यांना अजून कळवलेलं नाही.
संध्याकाळी: श्रद्धाने दोन्ही फॉर्म रद्द करायला लावले. पुन्हा शून्य.

१४ जुलै.
गेटवर कुंभार पिंपळगावची प्रियदर्शनी आणि तिचे वडील भेटले. गावातल्या पाऊस-पिकाच्या जुन्या नोंदी तिला कॉम्प्युटरवर आणायच्या आहेत. नेमका माझाच कोर्स! पण चार तारखेला बोर्ड वाचून तिने एम.कॉम.ला प्रवेश घेऊन टाकला. जागा रिकाम्या आहेत, हे मी कबूल केलं. वडील शांतपणे म्हणाले, “सर, आम्ही तर लिहिलेलं खरं समजून गेल्तो.”
लाज वाटली. जाऊन बोर्ड काढला.

१५ जुलै, ५ वाजता.
आज एका दिवसात सात प्रवेश! पाच कमी. संचालक मॅडमकडे दोन दिवस मागितले. पोर्टल बंद झालं, म्हणाल्या. विभागही. मात्र माझ्यासाठी दुसरी जबाबदारी आहे म्हणे. माझी योग्यता ओळखलेली दिसते.

१७ जुलै.
नवी जबाबदारी: चौकशी खिडकी. माहितीचंच काम, म्हणजे तसं प्रमोशनच. बोर्ड निघाल्याची बातमी बहुतेक आज गावोगाव पोचली. दुपारपर्यंत पाच जण येऊन गेले. पाचही जणांना माहितीशास्त्रालाच प्रवेश हवा होता. विभाग बंद झाला, असं प्रत्येकाला मीच सांगितलं. पाचव्याला खिडकीबाहेर येऊन सांगितलं.
निश्चय: सातात पाच मिळवायचे नाहीत.