चौथ्या मजल्यावरचं लिंबू

७ डिसेंबर. बिश्केक. बाहेर उणे चौदा.
तिसऱ्या मजल्यावरच्या बुरुल-आपांना नातू झाला. आज बाळ घरी आलं. भेटायला गेलो तर आपा घरात कोट घालून बसलेल्या. रेडिएटरला हात लावला. गार. तिथल्या तिथे शब्द दिला: आपा, चाळिसाव्या दिवशी बाळाची चाळीस चमच्यांची अंघोळ याच खोलीत होईल, स्वेटरसुद्धा लागणार नाही. आपा म्हणाल्या, तुमच्या तोंडात साखर पडो, सर. तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलंय, वर बिल्डिंगच्या कमिटीचा अध्यक्ष. एक रेडिएटर म्हणजे काय मोठं!

८ डिसेंबर.
शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या हीटिंग ऑफिसला तक्रार लिहिली. तीन पानं. जिपारने वाचली आणि विचारलं, यात आपल्या बाल्कनीतल्या तीन रेडिएटरांचं कुठे लिहिलंय? म्हटलं, विषयांतर नको. बायकोशी फिजिक्स बोलू नये.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
बाल्कनीबद्दल, फक्त माझ्यासाठी. उन्हाळ्यात काचा लावल्या, बिल्डिंगच्या पाइपला जोड दिला, तीन रेडिएटर बसवले. परवानगी घेतली नाही. कोण घेतं? तिथे कुंडीत माझं लिंबाचं झाड आहे, त्याला ऊब लागते. गरम पाणी वरून खाली येतं: आधी पाचवा मजला, मग मी, मग आपा. माझ्याकडून पुढे जाताना ते किंचित निवत असेल. किंचितच.

१३ डिसेंबर.
ऑफिसचं उत्तर: आम्ही पूर्ण ऊब पाठवतो. खोटारडे! बिल्डिंगच्या सभेत अर्धा तास बोललो. टाळ्या पडल्या. आपांनीही वाजवल्या, पण हातमोजे असल्यामुळे आवाज आला नाही.

१७ डिसेंबर.
आपांच्या रेडिएटरमध्ये हवा अडकली असणार. पाना घेऊन खाली गेलो, स्क्रू सैल केला. हवा नव्हती. काळं पाणी होतं. सगळं गालिच्यावर. आपांच्या आईने हाताने केलेला, लोकरीचा. आपा म्हणाल्या, असू द्या सर, गालिचा धुता येतो. दीड तास गुडघ्यांवर बसून पुसत होतो. निघताना त्यांनी गरम बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, बांधून दिले. लाज वाटली. जिन्यातच संपवले.

२२ डिसेंबर.
ठरलं. उद्या बाल्कनीतले रेडिएटर बंद.

२३ डिसेंबर.
अडचण. बसवताना पाणी बंद करायचा नळ टाकायचा राहिला. बंद करायचे तर प्लंबर आणून सगळ्या मजल्यांचं पाणी उतरवावं लागेल. म्हणजे कारण सांगावं लागेल. शिवाय झाडाला कळ्या आल्यात. अशा वेळी थंडी लावणं क्रूरपणा आहे. वर्ष संपू दे.

१ जानेवारी.
वर्ष संपलं. डोकं दुखतंय.

४ जानेवारी.
बाळाचा खोकला छतातून, म्हणजे माझ्या जमिनीतून, ऐकू येतो. ऑफिसला दुसरी तक्रार. या वेळी कडक भाषेत.

९ जानेवारी.
कडक भाषेचा उपयोग झाला. ऑफिसने गेन्नादी प्लंबरला पाठवलं. तो पाइपला हात लावत लावत वर आला. पहिला मजला गार, दुसरा गार, तिसरा गार. माझं दार सोडून आधी पाचव्यावर गेला. तिथे हात भाजला. मग माझी बेल वाजवली. म्हटलं, आत येऊ नकोस, बायको फार आजारी आहे. आत जिपार मोठ्याने गाणं म्हणत होती. गेन्नादी म्हणाला, सर, नववीत तुम्हीच शिकवलंत ना, ऊब नाहीशी होत नाही, जागा बदलते? आणि जिना उतरून गेला. हुशार मुलगा. तेव्हा मी त्याला काठावर पास केलं होतं.

११ जानेवारी.
आपा वर आल्या. सून बाळाला घेऊन उद्या पहाटे माहेरी निघतेय, कोचकोरला. अंघोळ तिकडेच. घाटात बर्फ, बाळाची छाती भरलेली. आणि वर मलाच धीर दिला: तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत, सर. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी जिपार म्हणाली, कुठेही जायचं नाही. अंघोळ आमच्याकडे. आमच्याकडे ऊब फार झालीये.
आपा गेल्यावर मी विचारलं, हे काय केलंस? जिपार म्हणाली, जे तुम्ही महिनाभर केलं नाहीत ते.

१२ जानेवारी. चाळिसावा दिवस.
नऊ बायका आल्या. आधी कोट निघाले, मग स्वेटर. टब जिपारने मुद्दाम बाल्कनीत ठेवला, लिंबाखाली. पुरुषांचं तिथे काम नसतं म्हणून मी स्वयंपाकघरात. बायका बाळावर चमच्याने पाणी घालत मोजत होत्या. सतरानंतर मोजणी थांबली. कुणीतरी विचारलं, हे तिन्ही रेडिएटर गरम आहेत? मग आपांचा आवाज: अठरा. चाळीसपर्यंत मी ओट्याला धरून उभा होतो. आयुष्यात कुठलाही आकडा इतका मोठा वाटला नव्हता.
नंतर आपा आत आल्या. हातमोज्यांशिवाय त्यांचे हात या हिवाळ्यात पहिल्यांदाच पाहिले. म्हणाल्या, बाळ छान न्हालं, सर. परकं वाटलं नाही. आमचीच ऊब होती.
मी गेन्नादीला फोन केला. त्याने विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध लिहू? म्हटलं, चौथा मजला.

१६ जानेवारी.
रेडिएटर निघाले. बाल्कनीत उणे नऊ. झाड आपांच्या खिडकीत ठेवलंय, तिथे आता तेवीस. सभेत सगळं सांगितलं आणि राजीनामा दिला. वाटलं, निदान दोघेतिघे आग्रह करतील. राजीनामा एकमताने मंजूर. टाळ्या पडल्या. आपांनीही वाजवल्या. या वेळी आवाज चांगला आला.